मीटरचा काटा शून्यावर, गिअरला झटका: ऑटोमॅटिक गाडीचा स्पीड सेन्सर तपासायचा कसा

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरत होतो. जुलैचा पाऊस, वेग ताशी साठ. मीटरचा काटा एकदम शून्यावर पडला. गाडी मात्र साठनेच चालली होती. पुढच्याच क्षणी गिअरबॉक्सने असा झटका दिला की मागच्या सीटवरची मंडईतली पिशवी खाली उपडी झाली. त्यानंतर गाडी जी एका गिअरमध्ये अडून बसली, ती घरी पोहोचेपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर न लावताच निकाल लागला. "साहेब, ऑटोमॅटिकचं असंच असतं. गिअरबॉक्स खोलावा लागेल." सांगितलेला खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीच्या निम्म्याला टेकत होता. मी गाडी परत आणली, स्वतः कोड वाचला आणि गॅरेजवाल्याइतकीच घाई करून थेट नवा सेन्सर विकत घेतला. तो बसवूनही काटा पडायचा तो पडलाच. दोष निघाला कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या सॉकेटमधल्या, हिरव्या पडलेल्या एका पिनमध्ये. तेव्हा हे काम ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने इथे लिहितोय: फुकटातली तपासणी आधी, सेन्सर शेवटी, आणि गिअरबॉक्स त्याच्याही नंतर.

आपली 'ऑटोमॅटिक' नेमकी कोणती?

हे ठरवल्याशिवाय पुढचं वाचू नका. क्लच पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढंच आपण धरून चालतो; पण त्या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं आहेत. २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा हलवते. टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स, म्हणजे क्लचऐवजी ऑइलच्या प्रवाहातून इंजिनाची ताकद घेणारा, हा खरा जुना ऑटोमॅटिक. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली. आणि ड्युअल क्लचवाल्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीएसजीत, गिअरबॉक्सचे सेन्सर आतल्या मेकॅट्रॉनिक युनिटमध्येच (कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांचा एकत्र ठोकळा) बसवलेले असतात. ते घरी काढायच्या फंदात पडू नका. हा लेख मुख्यतः बाहेरून सेन्सर बसवलेल्या टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सबद्दल आहे. वायरिंग तपासायची पद्धत इतरांनाही बऱ्यापैकी लागू पडते.

अशा गिअरबॉक्सवर सहसा दोन सेन्सर असतात. इंजिनाकडून आत येणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजतो तो इनपुट सेन्सर, आणि चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजतो तो आउटपुट सेन्सर. गिअरबॉक्सचा कंट्रोलर अॅक्सिलरेटर किती दाबलाय आणि गाडी किती वेगात आहे, या दोन गोष्टींवरून गिअर बदलायची वेळ ठरवतो. दोन्ही सेन्सरच्या फेऱ्यांचा भागाकार करून गिअर नीट पकडला की घसरतोय हेही त्याला कळतं. आउटपुटचा आकडा अचानक गायब झाला तर त्याच्या दृष्टीने धावती गाडी जागच्या जागी थांबलेली असते. मग तो बिचकतो, प्रेशर वाढवतो आणि एक ठरावीक गिअर धरून बसतो. यालाच लिम्प मोड म्हणतात. जुन्या चार गिअरच्या बऱ्याच गाड्यांत हा धरून ठेवलेला गिअर तिसरा असतो. सिग्नलवरून गाडी म्हशीसारखी उठते आणि पुढे इंजिन ओरडत राहतं, पण रिव्हर्स पडतो.

इथे बरेच जण फसतात. मीटरच्या काट्याला वेग कुठून मिळतो, हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. जुन्या गाड्यांत तो गिअरबॉक्सवरच्या सेन्सरकडून येतो. नव्या बऱ्याच गाड्यांत एबीएसच्या चाकांवरच्या सेन्सरकडून, नेटवर्कमार्गे. त्यामुळे काटा नीट चालतोय म्हणून गिअरबॉक्सचा सेन्सर चांगला, असं म्हणता येत नाही. उलट काटा पडला आणि त्याच वेळी एबीएसचा दिवाही लागला, तर आधी चाकांकडे बघा. गिअरबॉक्सला हात लावायची गरजच पडणार नाही कदाचित.

गॅरेजला जायच्या आधी वहीत काय लिहायचं

चार दिवस गाडी चालवताना निरीक्षण करा. झटका कोणत्या वेगाला बसतो? गाडी थंड असताना की तासभर चालल्यावर? पावसात, खड्ड्यात, की गाडी धुतल्यानंतर? काटा आणि झटका एकत्र येतात की वेगवेगळे? किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात का? सिग्नलला थांबता थांबता इंजिन बंद पडतं का? (काही गाड्यांत वेग कळला नाही तर आयडलिंग बिघडतं.) क्रूझ कंट्रोल असेल तर तो लागतो का?

कोरड्या रस्त्यावर सगळं ठीक आणि पावसात बिघाड, म्हणजे पाणी कपलरमध्ये किंवा फाटक्या वायरीत शिरतंय. थंड असताना ठीक आणि गिअरबॉक्स तापला की गायब, तर सेन्सरच्या आतला संशय वाढतो. खड्ड्यात बिघडत असेल तर सैल पिन. माझ्या वहीत तिसऱ्या दिवशी "पाऊस नाही, त्रास नाही" असं लिहिलेलं होतं, तरी मी सेन्सर आणायला स्पेअर पार्टच्या दुकानांची नाना पेठ गाठलीच.

याच वेळी ऑइलही बघा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) कमी असेल किंवा जळल्याचा वास येत असेल तर झटके आणि घसरणं त्यानेही होतं. डिपस्टिक असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे, बहुधा गिअरबॉक्स गरम आणि इंजिन चालू असताना पातळी मोजा. डिपस्टिक नसेल तर हे काम रॅम्पवरच होतं.

स्कॅनर: कोड आधी लिहा, मग पुसा

आपल्याकडे मोटारींना ओबीडी-२ (गाडीने स्वतःच बिघाड ओळखून त्याचा कोड साठवायची यंत्रणा) एप्रिल २०१३पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट सापडेलच. ब्लूटूथचा साधा ईएलएम ३२७ डोंगल आणि फोनवरचं अॅप एवढ्यावर निम्मं काम होतं. स्वस्त डोंगल मात्र बऱ्याचदा इंजिनाचेच कोड वाचतो. गिअरबॉक्सचा कंट्रोलर त्याला दिसत नाही. तेव्हा 'एकही कोड नाही' असं आलं तर त्याचा अर्थ बिघाड नाही असा घेऊ नका. गिअरबॉक्सपर्यंत पोहोचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये फक्त स्कॅनिंगचे पैसे द्या आणि कोडचा फोटो काढून घ्या.

पी०५०० म्हणजे गाडीच्या वेगाच्या सिग्नलमध्ये दोष. पी०५०३ असेल तर तो सिग्नल अधूनमधून तुटतोय किंवा वेडावाकडा येतोय. पी०७१५ आणि पी०७१७ इनपुट सेन्सरचे, पी०७२० आणि पी०७२२ आउटपुटचे. यांतले १७ आणि २२ म्हणजे सिग्नलच नाही. पी०७३१पासून पुढचे कोड त्या त्या गिअरचा भागाकार जुळत नाही असं सांगतात. ते एकटेच आले तर गिअर खरोखर घसरत असण्याची शक्यता असते. सेन्सरच्या कोडसोबत आले तर आधी सेन्सरचा छडा लावा, कारण चुकीच्या आकड्यांचा भागाकार चुकीचाच येणार.

यातल्या एकाही कोडचा अर्थ 'सेन्सर बदला' असा नाही. कंट्रोलरला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त वायरीच्या टोकाला येणारा सिग्नल दिसतो. वायर तुटली, पिन गंजली, सप्लाय गेला किंवा आतला दातेरी रोटर (ज्याचे फिरणारे दाते सेन्सर मोजतो) झिजला, तरी कोड तोच येतो.

आणि 'बॅटरीची वायर काढून रिसेट मारू' हा सल्ला सोसायटीतले काका देतीलच. नको. कोड, त्या क्षणाची साठवलेली माहिती आणि काही गाड्यांत गिअरबॉक्सने शिकून ठेवलेली सेटिंग्ज, सगळं एकदम पुसलं जातं.

चालत्या गाडीतले आकडे

हा टप्पा मला सगळ्यात आवडतो, कारण इथे एकही नट न फिरवता सत्तर टक्के उत्तर मिळतं. (टक्केवारी माझ्या अंदाजाची.) एक माणूस गाडी चालवायला, दुसरा स्क्रीन बघायला. एकट्याने हे करू नका. पाषाण रस्ता सकाळी सहाच्या सुमारास बरा. दहा वाजता कर्वे रस्त्यावर गाडी ताशी वीसच्या पुढे जाणारच नाही, मग तपासणार काय?

फोनवर जीपीएसचा वेग लावा, स्कॅनरवर गाडीचा वेग आणि दिसत असतील तर इनपुट व आउटपुटचे फेरे लावा. मीटर जीपीएसपेक्षा थोडं जास्त दाखवतं, ते ठीकच. स्कॅनरचा वेग जीपीएसच्या जवळपास आणि सलग असायला हवा.

आउटपुटचे फेरे बरोबर आहेत का, हे कागदावर काढता येतं. समजा टायर १६५/८० आर १४ आहे. रिम १४ इंची म्हणजे ३५५.६ मिमी, वर आणि खाली टायरची जाडी प्रत्येकी १३२ मिमी, एकूण व्यास साधारण ६२० मिमी आणि परीघ १.९५ मीटर. ताशी ४० किमी म्हणजे मिनिटाला ६६७ मीटर. भागाकार केला की चाकाचे मिनिटाला ३४२ फेरे येतात. वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून ३५० धरू. गाडीचा फायनल ड्राइव्ह (चाकाच्या एका फेऱ्याला आउटपुट शाफ्टचे किती फेरे) समजा ४.४ असेल, तर आउटपुट शाफ्ट १५४०च्या आसपास फिरायला हवा. तुमच्या गाडीचे दोन्ही आकडे मॅन्युअलमधून घ्या. काही गिअरबॉक्समध्ये सेन्सर वेगळ्या गिअरवर मोजतो, तेही तिथेच कळेल. शंभर-दीडशे फेऱ्यांचा फरक विसरा. निम्माच आकडा येत असेल किंवा तो उड्या मारत असेल, तर काम सुरू.

आलेखाचा आकार बघा. रेघ उभी खाली शून्यावर जाऊन तशीच वर येते, तेव्हा जोड तुटतोय. हळू वेगात सिग्नल नाही आणि वेग वाढला की येतो, म्हणजे दोन वायरींचा जुना सेन्सर कमजोर झालाय किंवा त्याच्या टोकापासून रोटरचं अंतर वाढलंय. गाडी उभी, इंजिन चालू आणि तरी वेग दिसतोय? मग अर्थिंग किंवा वायरीवरचं संरक्षक आवरण तपासा. दोन्ही सेन्सरच्या रेघा शांत, सलग आणि झटका तरीही येतोय, तर सेन्सरला सोडा. बिघाड ऑइल, सोलेनॉइड (ऑइलचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा क्लचमध्ये आहे.

बॅटरी घ्या आणि खाली वाका

आता बॅटरी म्हणजे टॉर्च. इंजिन बंद, सायलेन्सर थंड. सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला, एका बोल्टने धरलेला, बोटाएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा असतो. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरीचा ट्रे काढल्यावर दिसतो, काहींत खालूनच.

पुण्यातल्या पार्किंगमध्ये पहिला संशयित उंदीर, आणि तळमजल्यावर घूस. बॉनेटखाली लेंड्या किंवा कुरतडलेलं फोम दिसलं तर हार्नेस (वायरींचा जुडगा) शेवटपर्यंत हाताने चाचपा. दुसरा संशयित पाणी. २५ जुलै २०२४ला खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली, तेव्हा किती गाड्या बॉनेटपर्यंत पाण्यात होत्या ते सगळ्यांनी पाहिलं. अशी गाडी धुऊन-पुसून चालू होते, पण कपलरच्या आतला गंज पुढे महिनोन्महिने वाढत राहतो. जुनी ऑटोमॅटिक विकत घेताना म्हणूनच खालचे दोन-तीन कपलर उघडून बघा.

कपलरचं लॉक दाबून सरळ ओढा. वायरीला धरून ओढू नका. आत हिरवट क्षार, पाणी किंवा एटीएफ आहे का? पिन वाकलीय का? रबरी सील जागेवर आहे का? माझ्या गाडीत सील निम्मं बाहेर आलेलं होतं आणि सिग्नलची पिन तांब्याच्या जुन्या घंगाळासारखी हिरवी झाली होती. नवा सेन्सर बसवताना मी तोच कपलर न बघता खटकन परत लावला होता. साफसफाईला इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. पेट्रोल आणि पॉलिश पेपर दोन्ही नको.

मल्टीमीटर

तापकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो, त्यावर भागतं. मात्र टेस्ट लॅम्पचा बल्ब या वायरींना लावू नका, तो जास्त करंट ओढतो आणि कंट्रोलरला इजा होऊ शकते. वायरीचं आवरण टोचूनही बघू नका. पुढच्या पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरेल. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा.

तीन वायरी असतील तर सेन्सर बहुधा हॉल इफेक्टचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा इलेक्ट्रॉनिक. इग्निशन चालू करा, इंजिन नको. कपलर काढून सप्लायच्या पिनवर मोजा: गाडीप्रमाणे ५ व्होल्ट किंवा बॅटरीच्या जवळपास. काहीच नसेल तर आधी फ्यूज. मग कपलर जोडून अर्थची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामधला व्होल्टेज बघा, ०.१च्या वर गेला तर अर्थ खराब. बऱ्याच गाड्यांत कपलर काढल्यावर सिग्नलच्या वायरीवर कंट्रोलरकडून ५ व्होल्ट दिसतो. तो दिसला की कंट्रोलरपासून तिथपर्यंतची वायर शाबूत आहे, असं समजा.

दोन वायरी असतील तर घाई नको. चुंबक आणि गुंडाळीचा जुना सेन्सर ओहममध्ये मोजता येतो. काहीशे ते दोनेक हजार ओहम असा आकडा येतो, नेमका मॅन्युअलमध्ये. अनंत आला तर गुंडाळी तुटलीय. पण दोन वायरींचे इलेक्ट्रॉनिक सेन्सरही असतात. त्यांना ओहममध्ये मोजून काही कळत नाही, बिघडण्याचा धोका मात्र असतो. वायरिंग डायग्राम बघूनच मीटर लावा. जुन्या सेन्सरवर एक छान प्रयोग होतो: मीटर लावलेला ठेवून हेअर ड्रायरने तो तापवा. थंडपणी ठीक असलेला आकडा गरम झाल्यावर उडाला, की 'तासभर चालल्यावर त्रास' याचं उत्तर मिळालं.

आता प्रत्यक्ष सिग्नल, म्हणजे चाक फिरवून. सपाट जागा हवी, बेसमेंटचा उतार चालणार नाही. हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे, गाडी न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये आउटपुट शाफ्टच जखडलेला असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचं एकच चाक उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका. दोन्ही चाकं उचललीत तर एक फिरवताना दुसरं उलटं फिरतं, डिफरेन्शियलचा पिंजरा जागचा हलत नाही आणि चांगला सेन्सरही मेल्यासारखा वाटतो. मी या प्रयोगात अख्खा रविवार घालवलाय.

कपलर जोडलेला, इग्निशन चालू, मीटर सिग्नलवर. चाक अगदी सावकाश फिरवा. हॉल सेन्सरचा आकडा शून्याजवळून वर, वरून खाली असा उड्या मारायला हवा. भरभर फिरवलंत तर मीटर मधलाच सरासरी आकडा दाखवेल. दोन वायरींच्या जुन्या सेन्सरला मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक जोरात फिरवा. काही दशांश व्होल्ट यावेत आणि वेगासोबत वाढावेत. इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक हवेत फिरवायचा मोह घरी आवरा.

सप्लाय, अर्थ आणि वायर ठीक, चाक फिरतंय, तरी सिग्नल नाही. आता सेन्सर काढायला हरकत नाही.

काढणं, आणणं, बसवणं

बहुधा दहा नंबरच्या पान्याचा एकच बोल्ट असतो. भोवतालची माती आधी ब्रशने झाडा, नाहीतर ती गिअरबॉक्समध्ये जाईल. सेन्सर उजवी-डावीकडे हलवत बाहेर घ्या. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलात तर कान तुटतो. थोडं एटीएफ सांडेल, खाली ट्रे ठेवा. टोकावर काळपट मऊ लेप असणं वयोमानानुसार ठीक. पुसून टाका, कधी कधी तेवढ्यावरच सेन्सर सुधारतो. धातूचे कण बोटाला टोचत असतील किंवा टोकावर घासल्याचे ओरखडे असतील, तर दोष आत आहे आणि नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. भोकातून टॉर्च टाकून रोटरचे दाते बघा.

नाना पेठेत जाताना आरसीवरचा चेसिस नंबर आणि जुना सेन्सर दोन्ही घ्या. काउंटरवर "पार्ट नंबर?" एवढाच प्रश्न येतो आणि उत्तर नसेल तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळते. जुना-नवा शेजारी धरून लांबी, पिना आणि बोल्टचा कोन जुळवा. लांबीत मिलिमीटरचा फरकही इथे महाग पडतो, कारण टोक आणि रोटर यांच्यातलं अंतरच साधारण तेवढं असतं. नकली सेन्सरचा घोळ बऱ्याचदा इथेच होतो.

बसवताना नवी ओ-रिंग, तिला एटीएफचं बोट. बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जातो, त्यामुळे हाताने आटे धरवून मगच बेताने कसा. कपलरच्या सीलला थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. हार्नेस सायलेन्सरपासून लांब, क्लिपमध्ये.

मग कोड पुसा आणि तोच रस्ता, तोच जोडीदार, तेच आकडे. शून्यापासून टॉप गिअरपर्यंत दोनदा, मध्ये एकदा गिअरबॉक्स चांगला गरम झाल्यावर. गाडी धुऊन पुन्हा एकदा, कारण तुमचा दोष पाण्याचा असेल तर कोरड्या रस्त्यावरच्या परीक्षेला अर्थ नाही. काही गाड्यांना नंतर स्कॅनरने गिअर लर्निंग करून द्यावं लागतं.

तोवर गाडी लिम्प मोडमध्ये असेल तर हळूहळू गॅरेजपर्यंत नेता येते. घाट आणि हायवे टाळा. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) बोलवा. चालवणारी चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर इंजिन बंद असल्याने ऑइल फिरत नाही, आणि जो गिअरबॉक्स आतापर्यंत ठणठणीत होता त्याचंच काम निघतं.

मी घाईत आणलेला नवा सेन्सर अजून डिकीत पडून आहे. जुनाच पुन्हा बसवला, पिन बदलून घेतली, आणि गाडी दोन पावसाळे त्याच्यावर चालली आहे.